तोलनाथ महाराजांचा काटा

"रोगाले वजन असते, माय! आन् जे तोलता येते, ते उतरवता बी येते!"

अंजनगाव सुर्जीबाहेरच्या मंडपात दर गुरुवारी मुंगीला शिरायला वाट नसे. मधोमध कापूस मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा. आजारी माणूस त्यावर उभा राही, लाल आकडे उमटत. तोलनाथ महाराज काट्याच्या खांबावर हात ठेवून काहीबाही पुटपुटत आणि आकडा सर्रकन सव्वा किलो खाली येई. "गेला रोग! दवाई बंद!" कापसाच्या मुलखातली माणसं ही; डॉक्टरवर संशय घेतील, पण सरकारी मुद्रा मारलेल्या काट्यावर कधीच नाही. हे ओळखूनच महाराज दरवर्षी मुद्रा नवी करून घेत आणि भक्तांना बोट लावून दाखवत.

तिथेच ते फसले.

मुद्रेआधी काटा परवानेवाल्या दुरुस्तीकाराकडून तपासून घ्यावा लागतो. यंदा तो अकोल्यात गयासुद्दीनचाचांच्या दुकानात आला. तिथे काटे उघडण्याचं काम पौर्णिमा करते. तिच्या बापाची, नत्थुजींची, टीबीची औषधं याच काट्यानं बंद केली होती. आठ महिन्यांत ते गेले. आता आई, माणिकबाई, तशीच खोकत होती आणि गोळ्यांची पाकिटं न फोडता त्याच रांगेत उभी राहत होती.

पौर्णिमानं स्क्रू काढले. खांबाच्या आत चुंबकानं चालणारी बारीकशी कळ निघाली, मागाहून कोणीतरी बसवलेली. तिची तार थेट वजनाचा आकडा ठरवणाऱ्या चिपला. महाराजांच्या बोटातली जाड अंगठी तिला आठवली. ती हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं.

"चाचा, अंगठी जवळ आली का वजन दहा किलो वाढलं पाह्यजे. मरू द्या त्याले लाजेनं!"

"नाही बेटा. खोटा काटा माह्या दुकानातून जाणार नाही. बदला घेयाचा त खऱ्यानं घे."

चिप वीस वर्षं जुनी, आठ बिटांची. आतला प्रोग्राम वाचता येईना, पण पुसून नवा भरता येत होता. C या संगणकाच्या भाषेत तो लिहायला एक संध्याकाळ पुरली. रडवलं ते कंपायलरनं, म्हणजे आपण लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवून देणाऱ्या प्रोग्रामनं. नव्या कंपायलरला ही चिप ठाऊकच नव्हती. दुसऱ्याला ठाऊक होती, पण त्यानं एवढा ऐसपैस पसारा काढला की चिपच्या चार किलोबाइटांच्या जागेत मावेना. बापाचा फोटो समोर ठेवून ती रोज शोधत राहिली. नवव्या दिवशी तिसरा सापडला, परदेशातल्या काही हौशी लोकांनी जुन्या चिपांसाठी जपलेला आणि फुकट. त्यानं केलेला प्रोग्राम मावला. वर साठ बाइट उरले. मुद्रा मारणाऱ्या सरकारी निरीक्षकांनी प्रमाण वजनं ठेवून पाहिली. काटा चोख निघाला, मुद्रा बसली.

पुढच्या गुरुवारी माणिकबाई काट्यावर चढल्या. चौतीस किलो सहाशे. महाराजांनी खांबावर हात ठेवला आणि काटा किंचाळला. पीं! आकडा मात्र हलला नाही. हात काढला की गप्प, ठेवला की पीं!

"काहून वरडून राहिला हा?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"रोग जबर हाये!" महाराजांना घाम फुटला. "बाहेरची बाधा हाये!"

"अंगठी काढा न, महाराज," पौर्णिमा पुढे झाली. "मंग हात ठेवा."

महाराज मूठ उघडेनात. तेव्हा बायाच ओरडल्या, "काढ न बे!" आणि दोघींनी अंगठी ओढून काढली. महाराजांचा रिकामा हात खांबाला लावला तर काटा मुका. एका म्हातारीनं नुसती अंगठी खांबाजवळ नेली तर पीं! पौर्णिमानं सर्वांसमोर खांब उघडला.

"ही चुंबकाची कळ. चुंबक या अंगठीत. हात ठेवला का चिप सव्वा किलो कमी दाखवे. म्या चिपमधलं ते खोटं पुसलं आन् भोंगा लावला, बस. रोग कोणाचाच गेला नाही. माह्या बापाचा बी नाही!"

महाराज कनातीकडे सरकले. लोकांनी त्यांना धरलं आणि पोलीस येईस्तोवर त्याच काट्यावर उभं केलं. एक्याण्णव किलो! ते हात जोडून रडत होते. पौर्णिमाला दया आली का? तिळभरही नाही. ती पोटभर पाहत राहिली.

"मंग माह्यं वजन उतरलं ते?" माणिकबाईंनी बारीक आवाजात विचारलं.

"मागच्या वर्षी दवाखान्यात त्रेचाळीस भरलं होतं, आई. जे उतरलं, ते तुह्यं आंग उतरलं."

माणिकबाईंनी काट्याकडे पाहिलं. "तुह्या बापाचं बी असंच उतरे," त्या म्हणाल्या. "अन् मी पेढे वाटे."

पौर्णिमानं आईचा हात धरून सरकारी दवाखान्याची वाट धरली. तुम्हीही गप्प राहू नका, वाचकहो. चमत्कार दाखवणाऱ्याला हात उघडायला सांगा. खोकला थांबत नसेल, वजन घटत असेल, तर सरकारी दवाखाना गाठा. टीबीचं औषध तिथे फुकट मिळतं. आणि डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत एकही गोळी चुकवू नका.