व्हिजिटसाठी ठेवलेला साबण

सोनाळ्याच्या अलीकडे, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात एक गाव आहे. पोलिओच्या डोसाला लेकरं आणा म्हणून घरोघर फिरलं की या गावाला नेमकी त्याच दिवशी हजार कामं निघतात. पण त्या मंगळवारी अंगणवाडीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. हरिओम बापू आले होते ना!

बापू दोन दिवस गावपुढारी हिंमतरावांच्या घरी साजूक तुपात मुक्काम करून होते. तिसऱ्या दिवशी गावावर उपकार करायला निघाले. उपकाराला निमित्तही होतं. आठ दिवसांत अंगणवाडीतल्या सव्वीस लेकरांपैकी अकरा जणांना हगवण-ओकारी लागली होती. दोघांना तालुक्याला नेऊन सलाईन लावावं लागलं. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, पाणी उकळून पाजा, साबणानं हात धुवा. आता एवढ्या साध्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? त्यात ना धूर, ना घंटी.

समीक्षा दारात उभी होती. नऊ वर्षांपासून ती इथली सेविका, पण आज तिच्याच अंगणवाडीत तिला कोणी विचारत नव्हतं.

"लेकरांना रोग नाही, माउली!" बापू गरजले. "रोग असता तर डॉक्टरला सापडला नसता का? ही बाधा आहे, बाधा! आणि बाधा हातातून शिरते!"

एवढं एक वाक्य बापू चुकून खरं बोलले.

त्यांच्यासमोर हळदीची परात आणि दोन तांबे होते. एकात गंगा, एकात यमुना. कोणाच्या हातावर कोणतं पाणी शिंपडायचं, याचा बापूंना आतून आदेश येत असे. आधी पाच-सहा माणसांनी तळहातांना हळद चोळली. बापूंनी गंगा शिंपडली, हळद पिवळी ती पिवळीच राहिली. माणसं सुटकेचा श्वास सोडून मागे सरली. मग सरस्वतीबाईंची चार वर्षांची नात डिंपल पुढे आली. बापूंनी डोळे फिरवले, हात यमुनेकडे गेला आणि पोरीचा इवलासा तळहात लालभडक झाला.

बापूंनी मंत्र पुटपुटत लिंबू पिळलं. लाल पुन्हा पिवळं! "उतरली!" बापू म्हणाले. जयजयकार झाला. बाधा उतरलेली डिंपल लगेच पोट धरून भिंतीमागे पळाली. तिकडे मात्र कोणी पाहिलं नाही.

"आता," बापूंनी आवाज खाली आणला, "ज्या हातांनी लेकरांना खाऊ घातलं जातं, ते हात दाखवा."

ते हात महामायाचे. ती अंगणवाडीची मदतनीस. खिचडी शिजवायची, लेकरांची नाकं पुसायची, घाणही धुवायची. बौद्ध वस्तीतली. तिच्या हातची खिचडी खाऊ नको, म्हणून घरून शिकवून पाठवलेली दोन लेकरं होतीच गावात. महामाया पुढे आली, तिने हळद चोळली. यमुना शिंपडली गेली. हात लाल.

अख्खं गाव सोडून बाधेला मुक्कामासाठी नेमके तेच हात सापडले. बाधासुद्धा जात विचारून बसते, हे गावाला त्या दिवशी नव्याने कळलं.

"इथं लिंबू चालत नाही," बापूंनी निकाल दिला. "इथं मूळ आहे. मूळ काढा, लेकरं बरी होतील."

हिंमतरावांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मदतनिसाला कामावरून कमी करावं, असा गावकऱ्यांचा अर्ज. छान टाइप केलेला. बाधा सापडली आज सकाळी अकराला, अर्जावर तारीख मात्र कालची. हिंमतरावांची सून बारावी पास होऊन घरी बसली होती, हे सांगायलाच हवं का?

"सही करा, मॅडम. तुमची सही लागते," हिंमतराव म्हणाले.

समीक्षाच्या हातात पेन आलं. सही केली की गाव खूश. नाही केली तर पुढचा अर्ज तिच्या नावाचा, तारीख आधीच घातलेला. तिने महामायाकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. रागही नव्हता, आणि तेच समीक्षाला सोसवेना.

"करा, ताई, सही," महामाया म्हणाली. "मी जाईन. पण मांगच्या महिन्यापासून सांगून राह्यली, ते कपाटातले साबण आतातरी काढा."

समीक्षाला कोणी मुस्काटात मारल्यासारखं झालं.

कपाटात सहा साबण होते. प्रकल्प कार्यालयाकडून आलेले, वेष्टनासकट. रोज दहा वाजता त्यातला एक बाहेर यायचा. लेकरं ओळीने उभी, साबण पुढच्या लेकराच्या हातात, फोटो मोबाइलवरून वर गेला की साबण पुन्हा कपाटात आणि कपाटाला कुलूप. महामायाने साबण मागितला की 'व्हिजिटले लागते', म्हणजे तपासणीच्या दिवशी दाखवायला, हे समीक्षाचं उत्तर ठरलेलं. वर तयार कारण होतंच, इथल्या खाऱ्या पाण्याला फेस येत नाही. रजिस्टरमध्ये सव्वीस लेकरं दिवसातून चार वेळा हात धूत होती. प्रत्यक्षात खिळ्याला एक टॉवेल होता आणि पिंपावर एक पेला.

साबण. हळद. लाल.

तिने महामायाच्या हाताकडे पुन्हा पाहिलं. हा रंग तिने कालच पाहिला होता, ओढणीवर सांडलेलं वरण साबणाने घासताना! त्या गर्दीतल्या प्रत्येक बाईने तो धुण्याच्या दगडावर पाहिला होता. दगडावर तो डाग असतो. बापूंसमोर त्याची बाधा होते.

समीक्षा आत गेली. कुलूप उघडल्याचा आवाज झाला. बाहेर आली तेव्हा तिने साबणाचं वेष्टन दातांनी फाडलं होतं.

"काका, हळद लावा हाताले."

"मले काऊन?" हिंमतराव मागे सरकले.

"लावा नं, काका! तुमच्या हातात कायची बाधा? भेता काऊन?"

गर्दीत कोणीतरी हसलं. हिंमतरावांना हळद लावणं भाग पडलं. समीक्षाने ओला साबण त्यांच्या तळहातावर खसाखसा घासला. हिंमतरावांचा हात लाल! मागची बाई हात पुढे करून आली, लाल. मग हळद लावलेले सगळेच पुढे आले आणि एकेक हात लाल होत गेला.

"अर्जात आता कोणाकोणाची नावं घालायची, काका? पयलं तुमचंच घालू?"

"हा साबण दूषित आहे! या बाईने करणी केली आहे!" बापू ओरडले.

"मंग तुमच्या यमुनेत काय हाय, बापू? घोटभर पिऊन दाखवा."

"ते मंत्रलेलं जल आहे. प्राशन केल्यास अनर्थ होईल!"

"अनर्थ होते तं होऊ दे. मी ऐंशीच्या घरात हाय," म्हणत सरस्वतीबाईंनी तांब्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं. पुन्हा चाखलं.

"अवं, हा तं चुना व्हय! चाळीस वर्सं तंबाखूत खाऊन राह्यली मी, मले नाय समजत? चुन्याची निवळी हाय ही!" मग त्या बापूंवर घसरल्या. "काय बे, माह्या नातीच्या हातावर चुना शिंपडला अन् म्हणते बाधा?"

हळदीत चुना पडला की लाल, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. कुंकू याच खटपटीतून बनतं, हे घराघरांतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. फक्त बापूंना हात जोडताना ते आठवायची कोणाची हिंमत नव्हती. आदेश आतून यायचा तो एवढाच, की कोणत्या तांब्यात चुना आहे. बापू परात तिथेच टाकून गाडीत बसले. हिंमतराव मात्र हटले नाहीत.

"ठीक हाय. बापू खोटा. मंग लेकरं काऊन हगून राह्यले, मॅडम? ते तं खोटं नाही नं?"

समीक्षाला गप्प राहता आलं असतं.

"नाही, ते खरं हाय," ती म्हणाली आणि खिळ्यावरचा टॉवेल आणि तो पेला घेऊन आली. तिने एका पोराच्या हाताला हळद लावली, टॉवेलला पुसायला सांगितलं. मग त्याच टॉवेलला आणखी पाच लेकरांनी हात पुसले, पिंपातून पेला बुडवून पाणी प्यायले. तिने ओल्या साबणाचा हात त्यांच्या बोटांवर फिरवला, पेल्याच्या काठावर फिरवला. कुठे फिकट, कुठे गडद, सगळीकडे लाल.

"ही हळद हाय म्हणून दिसली. घाण दिसत नाही. ती अशीच एकाच्या हातून साऱ्याइच्या पोटात गेली. महामायाबाई महिनाभर साबण मांगत होत्या. कुलूप मी लावलं होतं, फोटोसाठी. नाव लिहायचं असंल तं माह्यं लिहा."

हिंमतरावांच्या हातातल्या अर्जावर त्यांच्याच बोटांचे लाल ठसे उमटले होते. त्यांनी तो खिशात घातला.

"अन् एक सांगते," समीक्षा गावाकडे वळली. "पुढच्या येळी कोणी चमत्कार दाखवला तं हात जोडायच्या आधी तोच चमत्कार घरी करून पाहा. आपल्याले बी जमला, तं त्यानं आपल्याले फसवलं. अन् लेकरू बिमार पडलं तं बाधा कोणाच्या अंगात हाय ते इचारू नका. त्यानं पाणी कुठलं पेलं अन् हात कायनं धुतले, ते इचारा."

त्याच दिवशी टॉवेल चुलीत गेला. हात धुवायला तोटी बसली, पिंपातलं पाणी काढायला दांड्याचं ओगराळं आलं. जुन्या मोज्यात साबण घालून महामायाने तो नळाजवळ लेकरांच्या उंचीवर टांगला. जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर ती प्रत्येकाची बोटं बघायची. सरस्वतीबाईही येऊन बसायच्या आणि डिंपलला दटावायच्या, "नखं घास वं, नखं!" महिन्याभरात पोटाच्या तक्रारीचं एकच लेकरू निघालं, त्याला दोन दिवस घरीच ठेवलं.

मग व्हिजिट आली. पर्यवेक्षिका बाईंनी मोज्यातला झिजून बोटाएवढा झालेला तुकडा पाहिला आणि नाक मुरडलं.

"हे काय फोटोत घ्यायचं? नवीन साबण काढा. सहा दिले होते ना?"

समीक्षाने कपाट सताड उघडलं. आत नुसती फाटलेली वेष्टनं होती.

"संपले, मॅडम," ती म्हणाली. "आणखी बारा पाठवा."