गिटारखालचा दोरा

नवनीतशेठ नंदुरबारात वीस वर्षं पेट्या-तबले विकतो. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच त्याला कळतं म्हणे, पैसे कोणाच्या खिशात आहेत. त्या दिवशी मात्र नजर चुकली. पायरी आधी अलमास चढली, आफताब तिच्या मागे होता, आणि शेठ तिच्या डोक्यावरून म्हणाला, "या भाऊ, बसा. काय दाखवू?"

भाऊ म्हणजे आफताब, अलमासचा चुलतभाऊ. खापर या त्यांच्या गावी मोबाईलच्या काचा बदलतो. गिटारीचं त्याला एवढंच माहीत की तिला तारा असतात.

"गिटार माले लेवानी शे," अलमास म्हणाली.

"हो हो, ताईसाठी," शेठ परत आफताबलाच म्हणाला. "स्वस्तातली दाखवू का भाऊ?"

अलमासची कानशिलं तापली. पण ती गप्प बसली, कारण तिला गिटार पाहिजे होती.

तसं गप्प बसणं तिच्या रक्तात नाही. दहावीत मास्तर फळ्यावर गणित चुकले, तिनं सांगितलं, तर त्यांनी तिलाच उभं केलं. ती उभी राहिली ती सरळ घरी चालत गेली आणि परत शाळेत पाय ठेवला नाही. तेव्हापासून ती बापासोबत गाद्या शिवते. बाप शौकत पिंजारी. घरात अर्धी हिंदी बोलतात, अर्धी अहिराणी, आणि भिंतीवर अजून आजोबांचं पिंजण टांगलेलं आहे. म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, लांब दांडा आणि त्याला ताणून बांधलेली एकच तार, तात. आता मशीन आलं, पण लहानपणी त्या तातीचं टँव टँव ऐकतच अलमास झोपायची. तार ढिली आहे की ताणलेली, हे तिला डोळे मिटूनही कळतं.

गिटार ती शेजारच्या मगनकाकांच्या रुपाकडून शिकली. रोज संध्याकाळी दोघी नदीवर जायच्या, पुलाच्या कठड्याला पाठ लावून वाजवायच्या. गावातली पोरं गोळा व्हायची, बकऱ्यासुद्धा थांबायच्या. मग ऑगस्टमध्ये रुपा नर्सिंगला सुरतला गेली आणि गिटारही गेली. वर्षभर तारा दाबून अलमासच्या डाव्या बोटांना जे घट्टे पडले होते, ते मऊ पडायला लागले. रोज अंगठ्यानं ती ते चाचपून बघायची आणि रोज तिचं डोकं फिरायचं.

उन्हाळ्यातल्या लगीनसराईत गाद्या शिवून मिळालेले पैसे तिनं धरून ठेवले होते. आता पुढची लगीनसराई येईपर्यंत दुसरे पैसे नाहीत. म्हणजे गिटार एकच घ्यायची, आणि ती वाईट निघाली तर वर्ष गेलं. बापानं परवानगी दिली, एका अटीवर. "जाय. पन आफताबले लई जाय."

शेठनं रस्त्याकडच्या काचेच्या शोकेसमधून एक गुलाबी गिटार काढली. "ही लेडीज पीस. मुली हीच नेतात. फोटोत भारी दिसते."

"फोटो काढाले नही, वाजाडाले लेवानी शे."

"भाऊ, ताईंना राग लवकर येतो का?" शेठ हसला. आफताबही हसला. ते हसणं अलमासनं नीट ध्यानात ठेवलं.

"देखा शेठ," ती म्हणाली, "भाहेर वाजाडानी शे. नदीवर. ऊन, धूळ, पोरेसना हात, सगळं लागई. देखाले कशीबी चालई. दांडा सरळ जोयजे, आन तारा बोटं कापाले नको."

"अहो, ही एकदम सॉफ्ट आहे."

अलमासनं गिटार उचलली. बाप पिंजणाचा दांडा बघतो तशी एक डोळा मिटून दांड्यावरून नजर टाकली. दांडा सरळ होता. मग तार दाबली, आणि दाबतच राहिली. तार पडद्यापर्यंत, दांड्यावरच्या आडव्या धातूच्या काडीपर्यंत, पोचेचना, कपडे वाळत घालायच्या तारेसारखी वर राहिलेली. खाली, जिथं सगळ्या तारा अडकवतात ती लाकडी पट्टी, ब्रिज, मागच्या बाजूनं किंचित उचललेली दिसत होती. किंचितच. दुसऱ्या कोणाला दिसली नसती.

पिंजाऱ्यांच्या घरात एक रीत आहे. गादी दिली की पैसे घ्यायच्या आधी गिऱ्हाइकासमोर कोपऱ्यातली वीतभर शिवण उसवायची, आतला कापूस त्याच्या हातात द्यायचा, आणि त्याच्यासमोरच परत शिवायची. शौकतनं ही रीत कधी मोडली नाही. अलमासला वाटायचं, जगातले सगळे दुकानदार असंच करतात. म्हणून तिनं कुणाला न विचारता पिशवीतून खोळ शिवायच्या बारीक दोऱ्याचं रीळ काढलं, हातभर दोरा तोडला, दोन्ही हातांत ताणला आणि त्या पट्टीच्या मागच्या कडेला लावला.

दोरा आत गेला. अर्ध्या पट्टीपर्यंत. म्हणजे तेवढी पट्टी लाकडापासून सुटलेली.

"ए! ए! काय करतेस?" शेठ गल्ला सोडून धावत आला. "उखडला ना ब्रिज! भाऊ, बघा, तुमच्यासमोर तोडला तिनं. आता ही न्यावीच लागेल."

"दोराघाई तुटस का लाकूड?"

"माझा माल आहे. हात कोणी लावला?"

आफताबचा चेहरा उतरला. तिच्या कानाशी येऊन तो पुटपुटला, "लई ले ना अलमास. गुलाबी तं गुलाबी. तमाशा नको."

इथं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेठ खोटं बोलतो, तो परका आहे. हा तर घरचा!

तिनं गुलाबी गिटार गल्ल्यावर ठेवली आणि शोकेसमधली दुसरी काढली. दोरा लावला. आत. तिसरी. आत. "हाई बी मीच तोडी का? आन हाई?" मग ती दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या भिंतीकडे गेली. तिथं टांगलेलीला दोरा लावला. दोरा कडेवरच अडकला, आत जाईना. शेजारचीलाही जाईना.

दुपारचं ऑक्टोबरचं ऊन काचेतून थेट शोकेसमध्ये पडत होतं. काचेला हात लावला तर चटका बसत होता.

"डिंक पघळना," ती म्हणाली. "शेठ, तुम्हीन गिटारी भाजी ऱ्हायनात. भरीतनं वांगं भाजतस तश्या!"

कोपऱ्यात एक म्हातारा खो खो हसला. इंद्रसिंग, सातपुड्यातून आलेला. नातीसाठी गिटार घेऊन, पैसे देऊन, तो पावतीची वाट बघत बसला होता. त्यानं आपली गिटार पुढे सरकवली. "पोरी, मन्ही बी देख."

दोरा आत गेला.

"शेठ," इंद्रसिंग शांतपणे म्हणाला, "माले त्या भिंतवरनी दे."

शेठनं दिली. देताना त्याचं तोंड मिरची चावल्यासारखं झालं होतं. म्हातारा गेला तसा तो अलमासकडे वळला. आता पहिल्यांदाच तो सरळ तिच्याशी बोलला. "तुला नाही विकायची. माझं दुकान, माझी मर्जी. चल, उतर खाली."

आणि लगेच, गोड आवाजात, आफताबला, "तुमच्याशी भांडण नाही हं भाऊ. तुम्हाला ती भिंतीवर उरलेली हवी तर तुम्ही न्या."

भिंतीवर उरलेली म्हणजे तपकिरी, प्लायवूडची, एका कडेला ओरखडा पडलेली. अलमासनं मघाशीच ती बघून ठेवली होती. दांडा सरळ, तारा पडद्यांच्या अगदी जवळ. प्लाय उन्हात फाटत नाही. पिंजणाच्या अखंड लाकडाला वैशाखात चीर गेलेली तिनं स्वतः पाहिली होती. तिला पाहिजे होती ती हीच.

"दे पैसा," आफताब खूष होऊन म्हणाला. "मी लेस. काम खतम."

अलमासनं अंगठ्यानं बोटं चाचपली. मऊ पडलेली. पैसे दिले की संध्याकाळपर्यंत गिटार खापरला. तारा त्याच, आवाज तोच. फक्त शेठ उद्याही पुढच्या पोरीच्या डोक्यावरून बघणार, आणि तिला भाजलेलीच देणार.

"नही," ती म्हणाली.

"मंग काय करशी?"

ती दुकानाच्या पायरीवर जाऊन मांडी घालून बसली आणि रीळ मांडीवर ठेवलं. "मी आठेच बठसू. जो येई त्याना हातमा दोरा दिसू."

शेठ हसला. तेवढ्यात कॉलेजची दोन पोरं आली. अलमासनं हातभर दोरा तोडून एकाच्या हातात दिला. "भाऊ, गिटार लेवानी ना? पट्टीखाल हाऊ फिराडी देख." पोरगं आधी गोंधळलं, मग आत गेलं. आतून शेठचा आवाज आला, "अरे, हात नको लावू!" पोरं बाहेर आली आणि निघून गेली. मग एक बाई आली, तिच्या शाळकरी मुलीसाठी. अलमासनं दोरा तोडला. बाईनं आत जायच्या आधीच विचारलं, "का गं, काय झालं?" आणि अलमासनं सांगितलं, जरा मोठ्यानेच.

चौथं गिऱ्हाईक पायरीशी आलं तसा शेठ बाहेर आला. हातात ती तपकिरी गिटार आणि पावतीपुस्तक.

"नाव सांग."

"अलमास शौकत पिंजारी."

त्यानं लिहिलं. पैसे घेतले. आणि सवयीनं गिटार आफताबच्या पुढे केली. आफताबनं दोन्ही हात खिशात घातले. "मन्ही नही शे," तो म्हणाला. "तिन्ही शे."

शेठला हात वळवावा लागला.

स्टँडवर खापरची बस लागायला वेळ होता. उन्हातच कट्ट्यावर बसून अलमासनं खुंट्या पिळल्या, कान लावला आणि वाजवायला घेतलं. बोटं दुखत होती. रागानं हात असा पडत होता की पेरूवाली सरकून बसली.

"आते तं भेटनी ना गिटार?" आफताब म्हणाला. "आजून कसाना राग शे?"

"तू हासना व्हता."

"कव्हय?"

"लेडीज पीसले."

खाली बघत आफताबनं तिची पिशवी उचलून आपल्या खांद्याला अडकवली. अलमासनं एक तार परत चढवली.

"खापर येवापर्यंत बोलू नको," ती म्हणाली, आणि वाजवत राहिली.