पत्रांची मागची बाजू

सभागृहाच्या भिंतीवरचा पत्रांचा फळा पाहिला आणि ज्योत्स्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आष्टीच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढलेली बाई; दारू पिऊन आलेल्या नातेवाइकांनाही तिनं खालच्या आवाजात गप्प बसवलेलं. आज मात्र खुर्च्या मांडणारी माणसं हातातली खुर्ची हातात धरून तिच्याकडे बघत राहिली.

"दादा, हे कुणी चिकटवलं?"

तिचा थोरला भाऊ अनिल माईकच्या वायरीचा गुंता सोडवत होता. "गेवराईच्या पेंटरनं. लई भारी दिसतंय ना?"

"आणि मागची बाजू?"

"मागंच हाय की. कुठं जातीय?"

मागं होतं प्लायवूड. आणि प्लायवूड अन् कागदाच्या मध्ये पेंटरनं सैल हातानं फासलेला फेव्हिकॉल.

ते कागद त्यांच्या वडिलांचे होते. माणिकराव एकाहत्तरच्या लढाईत गेले, तेव्हा ज्योत्स्नाला नीट चालताही येत नव्हतं. आज विजय दिनाला गावानं त्यांच्या नावाचं सभागृह बांधलं होतं, कोणी पुढारी फीत कापायला येणार होता. पण फौजेत जाण्याआधी माणिकराव वार्ताहर होते. बीडहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाला ते बातम्या पाठवायचे. खाली कार्बन घालून लिहायचे, वरचा कागद टपालात टाकायचे, खालची नक्कल स्वतःजवळ ठेवायचे. फौजेत जाताना त्या नकला त्यांनी ट्रंकेत घालून नेल्या, कारण घराचं छप्पर गळकं होतं. पुढं सरहद्दीवर जायची पाळी आली तेव्हा एकेक नक्कल घरी पाठवू लागले, आणि कागदाची पाठ कोरी कशाला ठेवायची म्हणून तिच्यावर निळ्या शाईनं बायकोला पत्र लिहू लागले. एका बाजूला 'सौ. दगडाबाईस सप्रेम जय भीम', दुसऱ्या बाजूला 'आमच्या वार्ताहराकडून'. ज्योत्स्ना अक्षरं शिकली ती या दोन्ही बाजू वाचून. ते साप्ताहिक कधीच बंद पडलं, त्याचे अंक कुणाकडे नाहीत. बातम्या उरल्या होत्या त्या या कागदांवर.

आणि बातम्या कसल्या, तर याच गावच्या. वस्तीनं सार्वजनिक विहिरीवर घागर बुडवली म्हणून गावानं वस्तीचं काम बंद केलं, दुकान बंद केलं, पिठाची गिरणी बंद केली. कुणाच्या हुकमानं, तर बद्रीनाथ पाटलांच्या. माणिकरावांनी हे नावानिशी लिहिलं. मग त्यांना कुणी मजुरीलाही उभं करेना. पोटाला काही हवं म्हणून हा माणूस भरतीच्या रांगेत उभा राहिला. आता म्हणे देशप्रेमानं भारावून गेला. स्मरणिकेत तसं छापलंयसुद्धा, रंगीत कागदावर, पत्रांसकट. बातमी एक नाही.

"ज्योत्स्नाताई, काय झालं?" स्मारक समितीचे अध्यक्ष सुंदरराव कडक इस्त्रीत पुढं आले. बद्रीनाथ पाटलांचे चिरंजीव. "काही कमी-जास्त राहिलं का?"

"कमी राहिलं. अर्धा माणूस राहिला."

सुंदरराव हसले. असं हसू राजकारणात मुरलेल्या माणसालाच जमतं. "देशासाठी गेलेला माणूस तो. आज पाहुण्यांपुढं त्या विहिरीचा गाळ कशाला काढायचा? तुमच्या दादाला आमी विचारलं होतं."

ज्योत्स्नानं अनिलकडे पाहिलं. तो वायरीकडे बघत होता.

"तू हो म्हणलास?"

"आगं, आपल्या बापाचं नाव लागतंय सभागृहाला," अनिल पुटपुटला. "मला इथंच ऱ्हायचंय. तू जातीस आष्टीला निघून. कावून उगं जुनं उकरून काढायचं?"

तिला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. पन्नाशी उलटलेल्या भावाला मारता येत नाही, म्हणून तिनं खुर्ची ओढली, वर चढली आणि फळा खिळ्यावरून उतरवला. सुंदरराव "अहो, अहो" करत राहिले. फळा जड होता, दारातून नेताना एका बाजूनं कलला, आणि पत्रं फाटतील या भीतीनं अनिलनंच धावत येऊन दुसरं टोक धरलं. "पाहुणे यायला दोन तास हायेत, ठिव की खाली," असं रस्ताभर म्हणत म्हणत त्यानं तो घरापर्यंत वाहून आणला.

वस्तीतली बरीच घरं ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. दगडाबाई सत्कारासाठी निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. ज्योत्स्नानं फळा तिच्यापुढं आडवा ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

"काढता यील का?" दगडाबाईनं विचारलं.

काढता येतील, हे ज्योत्स्नाला माहीत होतं. जखमेला चिकटलेली पट्टी ओरबाडायची नसते, भिजवून सोडवायची असते. फेव्हिकॉलही भिजल्यावर सुटतो. पण पत्रं शाईची होती.

"पाण्यानं पत्र जाईल, आई. स्मरणिकेत छापलेलं ऱ्हाईल, पण त्यांच्या हातचं जाईल."

"आन् बातमी?"

"ती कार्बनची. ती जात न्हाई पाण्यानं."

दगडाबाईनं वाकून एका पत्रावर हात ठेवला. तिला वाचता येत नव्हतं, पण कोणत्या पत्रात काय आहे हे तिला ठाऊक होतं; आधी दिरानं, मग पोरांनी तिला ती कितीदा वाचून दाखवलेली. हात तिनं बराच वेळ उचलला नाही. अनिल म्हणाला, "आई, न्हाई म्हण. तुझी पत्रं हायेत."

"माझीच हायेत," ती म्हणाली. "मला आली, मी ऐकली. जन्मभर ऐकली. बातमी गावासाठी लिवली होती, ती गावानं आजून ऐकली न्हाई." मग ज्योत्स्नाकडे वळून, "आण पाणी."

पहिला तांब्या दगडाबाईनंच ओतला. शाई आधी फुगली, मग अक्षरं एकमेकांत शिरली आणि निळं पाणी ओट्याच्या कडेनं मातीत उतरलं. दगडाबाई बघत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही. ज्योत्स्ना ओलं फडकं दाबून कडा सोडवत होती आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होती: त्या पेंटरला, सुंदररावाला, त्याच्या बापाला, स्वतःच्या भावाला, आणि एका बाजूसाठी दुसरी बुडवायला लावणाऱ्या त्या अख्ख्या गावाला. नवऱ्याचं अक्षर आईच्या हातानं धुवायला लावलं होतं या लोकांनी. हे ती कुणाला माफ करणार नव्हती.

एक कागद मधोमध फाटला. बाकीचे निघाले. उलटून ठेवले तशा काळसर ओळी दिसू लागल्या, फिकट, पण वाचता येण्याजोग्या.

अनिल लांब उभा होता. तो हळूहळू जवळ आला, एका कागदावर वाकला आणि शाळेत वाचायचा तसा मोठ्यानं वाचू लागला. गिरणी बंद असल्यामुळे वस्तीतील एका सात महिन्यांच्या गरोदर बाईस दळण घेऊन चकलांब्यापर्यंत पायी जावे लागले. वाटेत ती दोनदा पडली. तिचे नाव येथे देत नाही.

"कोण गं ही?" त्यानं विचारलं.

"मी," दगडाबाई म्हणाली. "पोटात तू होतास."

अनिल सरळ झाला. आत गेला, सुताची दोरी घेऊन आला आणि रस्त्याकडेच्या कडुलिंबापासून विजेच्या खांबापर्यंत ताणून बांधली. सभागृहाकडे जाणारी गाडी याच रस्त्यानं जाते. कागद त्यानंच एकेक करून चिमट्यांनी अडकवले, अक्षरं रस्त्याकडे करून.

पाहुण्यांची गाडी यायला थोडा वेळ होता. दगडाबाईला न्यायला सुंदरराव स्वतः आले, हातात शाल. लोक दोरीपाशी थांबत होते. शाळेतल्या दोन पोरी ओळीवर बोट धरून वाचत होत्या. सुंदररावही वाचायला थांबले. पहिला कागद झाला, आणि दुसऱ्यावरच बद्रीनाथ पाटील हे नाव होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते परत आलं नाही.

"वहिनी," ते म्हणाले. ही हाक सभागृहाचा निधी मंजूर झाल्यापासूनची. "चला, पाहुणे येतीलच. आणि हे कागद तेवढे आत वाळत घाला."

दगडाबाईनं ओट्यावरचं ओलं फडकं उचललं आणि पिळलं. अजून निळं पाणी निघत होतं.

"आत ऊन न्हाई," ती म्हणाली.