सखल रानातला खड्डा

मी खड्डा बोलतोय. हसू नका. घानाच्या जंगलपट्ट्यात, ओढ्याकाठच्या सखल रानात माझा जन्म झाला, तोही एक दिवस उशिरा.

रान अँटोबाम म्हाताऱ्याचं. त्यानं ते भाचीला, अब्राफीला दिलं. तिला नवरा नाही, पोरं तीन. तिनं कोकोची चारशे रोपं पिशव्यांत वाढवलेली. ती चुकीच्या जागी लागली तर सगळंच मातीत.

खड्डा खणून खालची माती तपासायला शेतकी खात्याचा डोंकोर पहार घेऊन आला. म्हातारा आडवा आला.

"आज गुरुवार! धरणीचा विसाव्याचा दिवस. तिच्या अंगात लोखंड घालतोस?"

"आजोबा, उद्या मला दुसऱ्या गावी जायचंय," डोंकोर म्हणाला.

"मग जा की! काळीभोर माती आहे. कोयता मारला तर मुठीपर्यंत जातो. आता काय दात मोजायचेत तिचे?"

अब्राफी म्हणाली, "साहेब, रोपं माझी आहेत. मुक्काम करा. फुफू घालते जेवायला."

दुपारी धो धो पाऊस झाला. शुक्रवारी मला खणलं. कंबरभर झालो नाही तोच तळातून पाणी वर आलं. खाली करडी, चिकट माती. शनिवारीही पाणी तसंच.

डोंकोर म्हणाला, "इथं मुळं कुजतील. गुरुवारी खणलं असतं तर कोरडं बघून मीच फसलो असतो."

"म्हणजे मी वाचवलं," म्हातारा म्हणाला. लाज कुठली!

मग वर चढावर माझा धाकटा भाऊ खणला. छातीभर खोल, लाल, भुसभुशीत, कोरडा. मुळांना मोकळी वाट.

"लाल माती विटांना!" म्हातारा खेकसला.

अब्राफीनं नेमकं विचारलं, "शेंगा धरायला तीन-चार वर्षं. तोवर पोरं काय खातील?"

"मध्ये केळी लावा. रोपांना सावली, घरात जेवण, उरलेली बाजारात. खाली भात करा."

भावाला बुजवून त्याच्यावर रोप लावलं. मला विसरले. पडल्याशिवाय माणसाला खड्डा आठवत नाही.

पुढं कोरडा वारा सुटला, ओढा आटला. पाणी फक्त माझ्यात, तळाच्या चिकट मातीनं धरून ठेवलेलं. अब्राफी रोज डोक्यावर घमेलं घेऊन चढ चढायची. रोपं जगली. ज्या पाण्यापायी मला नापास केलं, त्यानंच!

आता माझे काठ ढासळलेत. तक्रार नाही. जमीन वरून बघून भुलू नका, एक खड्डा खणा, एवढंच सांगतो.

परवा म्हातारा पहिली पिवळी शेंग घेऊन माझ्या काठावर बसला. फोडली, पांढरा गोड गर चोखला, अर्धी अब्राफीला दिली, टरफल माझ्यात टाकलं.

"मामा, आज गुरुवार," ती हसली.

"खणायला बंदी आहे गं. खायला नाही."