भिंतीकडे तोंड

मी एक पांढरा फळा बोलतोय. सध्या माझं तोंड तुमच्याकडे आहे, हे मुद्दाम सांगतो. गेल्या जानेवारीत पाच दिवस ते भिंतीकडे होतं, आणि त्या पाच दिवसांची लाज अजून माझ्या अंगावरून उतरलेली नाही. फळ्यानं खरं तर काही मनात धरायचं नसतं. लिहिलं, पुसलं, संपलं. पण हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. कळायला लागलं तेव्हा मी दिल्लीतल्या जुन्या राजेंद्रनगरात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत टांगलेला होतो. तिथे सुधन्वा सर महाराष्ट्रातून आलेल्या मुलांना स्पर्धा परीक्षेसाठी इतिहास शिकवायचे. धुळ्याची, लातूरची, गोंदियाची मुलं दाटीवाटीनं बसायची आणि माझ्यावरचं अक्षरन् अक्षर उतरवून घ्यायची. त्यामुळे मी भारी ताठ झालो होतो. माझ्यावर लिहिलं जातं म्हणजे ते खरंच असणार, असा माझा समज होता.

एकदा सरांनी घाईत पक्क्या शाईच्या मार्करनं सनावळी लिहिली. ती काही केल्या पुसेना. फडकं झालं, पाणी झालं. शेवटी सरांनी नेहमीचा मार्कर घेतला, प्रत्येक अक्षर त्यावरूनच पुन्हा गिरवलं आणि मग पुसलं. दोन्ही शाया एकदम निघाल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

पुढे सरांनी ती जागा सोडली आणि मला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला, अनुरागला, देऊन टाकलं. अनुरागला मोठ्या परीक्षेनं चार वेळा हुलकावणी दिली होती, पण दुसरी एक परीक्षा पास होऊन तो केंद्र सरकारच्या कार्यालयात लागला होता. मयूर विहारमध्ये सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर. बायको क्षिप्रा, मुलगी मैत्रेयी आणि धाकटा अथर्व. मला बैठकीच्या खोलीत, जेवणाच्या टेबलासमोर टांगलं. शोभेसाठी नव्हे, शाळेसाठी. कारण या घरातली मुलं शाळेत जात नव्हती, शाळाच घरात भरत होती.

त्याचं असं झालं. मैत्रेयी दुसरीत असताना शाळेची बस गेटपाशी आली की तिच्या पोटात कळ यायची. डॉक्टर झाले, औषधं झाली. सुट्टीच्या दिवशी मात्र कळ गायब. वर्षभर हे पाहून क्षिप्रानं नोकरी सोडली, भाषांतराची कामं घरी आणली आणि मुलीला घरी शिकवायचं ठरवलं. अथर्व तर शाळेची पायरी चढलाच नाही.

घरी शिकणं म्हणजे आरामाचं काम, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एक दिवस माझ्या जागी लटकून बघावं. सकाळी आठला अनुराग मेट्रोकडे पळाला की माझ्यावर दिवसाचे कप्पे पडायचे. भाजीवाल्याच्या काट्यावर अपूर्णांक, गच्चीवर सावलीची मापं, दुपारी वाचन. मधल्या वेळात क्षिप्राचा लॅपटॉप, कुकरच्या शिट्ट्या, अथर्वचं "आई, मला बोअर होतंय यार!" आणि माझ्या खालच्या कोपऱ्यात त्यानं काढलेला सहा पायांचा हत्ती. रोज काहीतरी राहून जायचं. रोज संध्याकाळी क्षिप्रा माझ्याकडे बघत उभी राहायची आणि न झालेल्या गोष्टी हळूच पुसायची. मला ती बाई आवडायची. आजही आवडते.

एकच गोष्ट खटकायची. हे सगळं आबांना माहीत नव्हतं.

आबा म्हणजे अनुरागचे वडील, गुणवंतराव. बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी वाड्यावस्त्यांवर हिंडून, आईबापांना दटावून, बकऱ्यांमागची पोरं शाळेत आणून बसवली. अशा माणसाला 'तुमची नातवंडं शाळेत जात नाहीत' हे कोण सांगणार? अनुराग म्हणायचा, पुढच्या फोनला सांगू. चार वर्षं तो पुढचा फोन आला नाही.

दिल्लीची हवाही नवरा-बायकोला सामील होती. आबांनी मंगळवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉल केला आणि मागे मुलं दिसली, की क्षिप्रा बिनदिक्कत सांगायची, "पोल्युशनची सुट्टी आहे, आबा." नोव्हेंबरात धूर, जानेवारीत थंडी, मेमध्ये लूच्या झळा.

"तुमच्या दिल्लीत शाळा भरते तरी कधी रे?" आबा विचारायचे. सगळे हसायचे. मीही मागे भिंतीवर हसत असेन.

यंदा आबांनी कळवलं, संक्रांतीला पानिपतच्या काला अंब स्मारकाला जायचं आहे, मुलांनाही घेऊन जाऊ. अकराला पोचतो, पंधराची परतीची गाडी. घरात हायसं वाटलं, कारण पंधरापर्यंत शाळांना थंडीची सुट्टी होती. पण आबा शिक्षक, प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाहीत. म्हणून दहा तारखेला दुपारी क्षिप्रानं दोन्ही मुलांना समोर बसवलं आणि माझ्यावर मथळा लिहिला: 'आबांनी विचारलं तर'.

खाली ओळीनं उत्तरं. शाळेचं नाव. (ते इथे सांगत नाही. नसलेल्या शाळेचं नाव सांगून काय करायचं?) वर्ग सहावी, तुकडी ब. गणवेश निळा. बाईंचं नाव राधा मॅम. बाई कशा आहेत? खूप छान शिकवतात.

"पाठ करा," क्षिप्रा म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"आई, हे लाय आहे ना?" अथर्वनं विचारलं.

"चार दिवसांपुरतं, राजा. आबांना वाईट वाटू नये म्हणून."

मैत्रेयीनं एकदा वाचलं आणि तिचं पाठ झालं. माझ्यावर शिकवलेला इतका नेटका धडा मी दुसरा पाहिला नाही, आणि तो अख्खाच्या अख्खा खोटा होता.

मग क्षिप्रा पुसायला लागली. पुसेना. डब्यांवर 'रवा', 'साबुदाणा' लिहायचा पक्का मार्कर एका पेल्यात माझ्या मार्करांबरोबर उभा होता, आणि हात गडबडीत त्यालाच लागला होता. तिनं ओलं फडकं घेतलं, साबण घेतला. शाईला काही नाही. संध्याकाळी अनुरागनं मला खिळ्यावरून काढलं, उलटं केलं आणि पाठीवर महाराष्ट्राचा नकाशा चिकटवला.

"चलो, काम झालं. आबांना बिल्कुल कळणार नाही," तो म्हणाला.

माझ्या तोंडाला भिंतीचा गार रंग लागला. आणि आता जे सांगतो ते सांगताना मला खरोखर शरम वाटते. मला बरं वाटलं. लपलं हे चांगलं झालं, असं वाटलं.

आबा आले. आल्या आल्या नकाशापाशी उभे राहिले, बार्शीवर बोट ठेवलं आणि "वा!" म्हणाले. त्यांचं बोट माझ्या पाठीत रुतलं. पलीकडच्या अंगाला राधा मॅमचं नाव होतं.

चौदाला सगळे पानिपतला गेले. मी घरीच, पण रात्रीच्या जेवणात सगळं माझ्या कानावर आलं, कारण आबांना दुसरं काही सुचतच नव्हतं. स्मारकापाशी मैत्रेयीनं त्यांना युद्ध समजावून सांगितलं होतं. तलवारींचं नव्हे, पोटाचं. एक लाख माणसं धरली आणि माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं, तर दिवसाला पाचशे क्विंटल. वाटा बंद झाल्यावर ते येणार कुठून? आणि जनावरांचा चारा वेगळाच.

"चाळीस वर्षं पानिपत शिकवलं मी," आबा म्हणाले, "पण हा हिशोब एकाही पोराकडून करून घेतला नाही. कुणी शिकवलं गं तुला?"

"राधा मॅमनी," मैत्रेयी म्हणाली.

ते गणित तीन दिवस माझ्यावर होतं. क्षिप्रानं त्यासाठी भाषांतराचं एक काम उशिरा दिलं होतं आणि बोलणी खाल्ली होती. तिचा आवाज आला तो एवढाच, "आबा, भाजी वाढू?"

"अनुराग, माझं उद्याचं तिकीट रद्द कर. शुक्रवारी शाळा उघडते ना? त्या बाईंना भेटल्याशिवाय मी जायचा नाही. माझ्या बॅगेत नवी शाल आहे, नारळ इथं मिळेल. सत्कार करायचा त्यांचा."

ताटावर चमचा आपटल्याचा आवाज आला. कुणाचा ते मला दिसलं नाही.

पंधरा तारखेचा दिवस नवरा-बायकोच्या कुजबुजीत गेला. सांगून टाकू, असं क्षिप्रा दोनदा म्हणाली. अनुरागची जीभ रेटेना. शुक्रवारी सकाळी आबा कोट-टोपी घालून, शाल-नारळाची पिशवी घेऊन तयार झाले.

"आबा, आत्ताच मेसेज आला," अनुराग म्हणाला. "राधा मॅम आज रजेवर आहेत."

"असू दे. मुख्याध्यापकांना भेटतो. मास्तर मास्तरला भेटायला नाही म्हणणार नाही. चल गं, मैत्रेयी."

मैत्रेयीच्या खुर्चीचा आवाज आला नाही. क्षिप्रा एकदम म्हणाली, "काय झालं गं? पोटात दुखतंय?"

"हो," मैत्रेयी म्हणाली. "ते, बसचं दुखायचं ना, तसं."

चार वर्षांत ती कळ आली नव्हती. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दोन लहान हात माझ्या चौकटीला लागले आणि मी खिळ्यावरून सुटलो. मैत्रेयीनं मला वळवलं आणि टेबलाला टेकवून आबांसमोर उभं केलं.

आबांनी चष्मा बदलला. वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं. माझ्यावर हजार डोळे फिरले असतील, पण इतका उघडा मी कधी पडलो नव्हतो. अनुराग जमिनीकडे बघत होता. क्षिप्रानंच तोंड उघडलं. शाळा नाही, राधा मॅम नाहीत, चार वर्षं मीच शिकवते, सगळं सांगितलं. "मुलांना हे मी शिकवलं, आबा. माझी चूक आहे."

आबा टोपी काढून खाली बसले. मग म्हणाले, "तपासणीला साहेब यायचे ना, त्याच्या आदल्या दिवशी मीपण लिहायचो फळ्यावर. रोज खिचडी मिळते का? होय. गुरुजी मारतात का? नाही. पोरांकडून घोकून घ्यायचो. एक पोरगी होती, विठाबाई नावाची. ती म्हणाली, गुरुजी, काल तर खिचडी नव्हती. मी तिला मागच्या बाकावर बसवली. साहेबाला दिसू नये म्हणून." त्यांनी मैत्रेयीकडे बघितलं. "मला साहेबाची भीती होती, पोरी. तुझ्या आईबापाला माझी इतकी भीती वाटावी, असा मी कधी झालो?"

आबांनी पिशवीतून शाल काढली आणि क्षिप्रापुढे धरली.

"नको आबा," ती मागे सरली. "हे असं समोर असताना नको. मला लाज वाटते."

आबांनी आग्रह केला नाही. शालीची घडी त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवली. घरी शिकवणं त्यांना पटलं असं नाही. रात्रीच्या गाडीला निघेपर्यंत ते अनुरागशी परीक्षा आणि दाखल्यांवरून वाद घालत होते. पण खरं बोलून वाद चालला होता, एवढं मला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मैत्रेयीनं कुठल्याशा व्हिडिओत सुधन्वा सरांची ती युक्ती बघितली. "आई, सोपं आहे. वरून गिरवायचं आणि पुसायचं. दे, मी करते."

"नाही," क्षिप्रा म्हणाली. "मी लिहिलंय ते."

मुलांदेखत तिनं प्रत्येक खोटं अक्षर पुन्हा एकदा स्वतःच्या हातानं गिरवलं. शाळा गिरवली, पुसली. तुकडी गिरवली, पुसली. 'राधा मॅम' वर तिचा हात थांबला, पण तेही तिनं गिरवलं. 'खूप छान शिकवतात' या ओळीशी ती रडायला लागली. अथर्वनं तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि मैत्रेयीनं ते त्याच्याकडून काढून घेतलं.

"ही ओळ राहू दे, आई," ती म्हणाली.

ती ओळ अजून माझ्यावर आहे. तिच्या आजूबाजूला रोजचे कप्पे पडतात, सहा पायांचा हत्ती येऊन जातो. शाल अजून खुर्चीवरच आहे, क्षिप्रानं अंगावर घेतलेली नाही. रोज संध्याकाळी ती मला पुसते आणि त्या ओळीपाशी फडकं वळवून घेते. मी जुना झालोय, माझा एक कोपरा फुगलाय, कधीतरी भंगारात जाईन. माझं मागणं एवढंच आहे. माझ्यावर चुकीचं लिहा, वाकडं लिहा, अर्धवट सोडा. पण मला पुन्हा भिंतीकडे तोंड करून टांगू नका. कारण त्या पाच दिवसांत मला तिथे बरं वाटलं होतं.