डाव्या खांद्यातली गादी

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. तपकिरी, लोकरीचा, आणि राहायला डोंबिवलीत! घामाच्या गावात लोकरीला कोण विचारतं, असं तुम्ही म्हणाल. ऐका तर मग.

माझा जन्म एका भारदस्त गृहस्थांसाठी झाला. त्यांचं पोट माझ्याही पुढे गेलं, तशी माझी रवानगी कल्याणच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगात झाली. तिथून मला प्रभाकररावांनी उचललं. कचेरीच्या कामासाठी त्यांना ऐन थंडीत दिल्लीला जायचं होतं आणि नवा कोट परवडणारा नव्हता. अंगाने ते अगदी काडी. घरी येऊन त्यांनी मला घातलं आणि नव्या नवरीने, म्हणजे हेमाताईंनी, तोंडाला पदर लावला. "अहो, यात अजून एक प्रभाकर मावेल!"

पण हसून झाल्यावर त्या मशीनवर बसल्या. मला कडेने आत घेतलं, बाह्या आखूड केल्या. कापड मात्र कापलं नाही; "पुढे अंग धरलंत तर?" म्हणत आतच दुमडून ठेवलं. तरी डावीकडे मी घसरतच होतो, कारण प्रभाकररावांचा डावा खांदा जन्मापासून जरा उतरता होता. हेमाताईंनी करंजीच्या आकाराची कापसाची गादी शिवली आणि माझ्या डाव्या खांद्यात बसवली. आरशात दोन्ही खांदे सारखे दिसू लागले. त्या दिवशी मी खरा कोट झालो.

मग मी दिल्ली पाहिली, गावोगावची लग्नं पाहिली. "कुठे शिवलात हो?" असं कुणी विचारलं, की प्रभाकरराव ऐटीत सांगत, "घरीच!" काय दिवस होते ते!

प्रभाकरराव गेले आणि मी कपाटात डांबरगोळ्यांच्या सोबतीला राहिलो. दर दिवाळीआधी हेमाताई मला गॅलरीत ऊन दाखवत, डाव्या खांद्यावरून हात फिरवत आणि परत आत ठेवत. मुलगा सलिल म्हणे, "आई, कसर लागेल त्याला. देऊन टाक कुणाला तरी." त्या ऐकून न ऐकल्यासारखं करत. मला मात्र त्या कसरीची फार भीती वाटे.

यंदा सलिलची लेक उर्वी आली. तिला घोडबंदर रोडला नवी नोकरी लागली होती. तिने मला बाहेर ओढलं आणि अंगात चढवलं.

"आजी, हा मला दे ना! ऑफिसात एसीने नुसती कुडकुडत बसलेली असते मी."

"अगं, केवढा ढगळ होतोय तुला! सगळा उसवावा लागेल."

"मग उसव ना."

हेमाताईंचं बोट माझ्या कडेच्या टाक्यांवरून फिरलं. माझ्या शिवणींत प्रभाकररावांचं माप होतं. ते उसवलं की पुन्हा मिळणार नव्हतं.

"राहू दे, आजी," उर्वी हळूच म्हणाली.

पण हेमाताईंनी चष्मा लावला. "नको. कसरीपेक्षा तू बरी."

एकेक टाका उसवताना त्यांचे डोळे वाहत होते. शेवटी त्यांनी डाव्या खांद्यातली गादी काढली, क्षणभर मुठीत धरली आणि दोऱ्यांच्या डब्यात टाकली. ती आता कुणाला लागणार होती?

शिवून झाल्यावर उर्वीने मला घातलं. कंबर बसली, बाह्या बसल्या. डावा खांदा मात्र घसरला.

"सरळ उभी राहा गं."

"सरळच उभी आहे, आजी!"

सदान्‌कदा ढगळ टीशर्टात वावरणाऱ्या या मुलीचे खांदे आजवर कुणी न्याहाळलेच नव्हते. हेमाताईंनी त्यांवर दोन्ही हात ठेवले आणि त्या थबकल्या. मला आधीच कळलं होतं. तो खांदा माझ्या ओळखीचा होता.

"अगं बाई, आजोबांचा खांदा घेऊन आलीस की गं!" त्या रडता रडता हसल्या आणि त्यांनी डबा उघडला.

मी आता रोज ऑफिसला जातो. तिथेही कुणीतरी विचारलंच, कुठे शिवलास म्हणून. "घरीच!" उर्वी म्हणाली.

मित्रांनो, जुने कपडे खुशाल उसवा, हवे तसे शिवा, पण कपाटात कोंडून ठेवू नका. कसरीला काय, कुणाचंही माप चालतं. आणि आतून निघालेली चिंधीसुद्धा टाकण्याआधी एकदा घरातल्या कुणाच्या तरी खांद्याला लावून बघा.