अडलेलं दार

मित्रांनो, मी एक जुनं, गवतानं शाकारलेलं घर आहे. मला झोपडी म्हणू नका, राग येतो. माझी रचना नीट पाहा, मग बोला. आठ जाड खांब. त्यांवर आढं, आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरलेले वासे, वाशांवर बांबूच्या कामट्या आणि कामट्यांना सुंभानं आवळलेलं हातभर जाड गवत. सगळा भार खांबांवर. मातीच्या भिंती नुसत्या आडोशाला. माझी वळचण, म्हणजे छपराची खालची कड, भिंतीच्या दीड हात पुढं आलेली होती. पावसानं कितीही आदळआपट केली तरी भिंतीला थेंब शिवत नसे. मला बांधणाऱ्यांना अक्षर येत नव्हतं, पण अक्कल होती.

शाकारकाका दर तीन वर्षांनी येत आणि कुजलेलं गवत काढून नवं बांधत. तोंडानं फटकळ, हातानं हळुवार. "म्हातारं आपल्या सगळ्यांना पोचवून मग पडेल," असं म्हणत. ती माझी स्तुती होती बरं का! मी ती जपून ठेवली आहे.

माझ्यात एक शिवणकाम करणारी बाई राहते. तिचं पोट शिलाई मशीनवर. मशीन पश्चिमेच्या भिंतीशी, घरातल्या एकुलत्या एका खिडकीखाली. वळचणीमुळं तिथं उजेड कमी यायचा. सुईत दोरा ओवताना तिचे डोळे चुरचुरायचे. तिचा थोरला भाऊ गवंडी, हाडाचा कष्टाळू आणि बहिणीवर जीव टाकणारा. तो म्हणाला, "चिमणे, एवढंच ना? आत्ता करतो." आणि त्यानं त्या बाजूची वळचण भिंतीपर्यंत कापून टाकली.

उजेड आला. मागून पाऊसही आला. भिंतीची माती सुटायला लागली, तेव्हा दादानं तिला सिमेंटचा गुळगुळीत गिलावा चढवला. शेजारीपाजारी बघायला आले. मीही थोडं फुशारलं होतं, खोटं कशाला सांगू?

पण मातीची भिंत ओली होते आणि वाळते. सिमेंटला केसाएवढी चीर पडली, तिथून पाणी आत गेलं आणि मग त्याला बाहेर पडायला वाटच राहिली नाही. बाहेरून भिंत चकचकीत, आतून नुसता चिखल. मला कळत होतं, पण सांगू कसं? घराला जेवढं बोलता येतं तेवढं बोलून पाहिलं. दार या भिंतीला लागूनच; त्याची चौकट तिरकी झाली आणि दार अडायला लागलं.

दादानं काय केलं असेल? रंधा आणला आणि दार तासलं! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आठवड्यात दार पुन्हा अडलं. त्यानं पुन्हा तासलं.

सततच्या पावसाचा पाचवा दिवस होता. दुपारी शाकारकाका गवताचा अंदाज घ्यायला आले आणि उंबऱ्याशीच थबकले. लाकडाचा भुसा पडला होता.

"दार कधीपासून अडतंय?"

"महिना झाला. लाकूड फुगलंय," दादा म्हणाला.

काकांनी भिंतीवर बोटं मारली. आवाज मेलेला. "तू गवंडी ना रे? पिशवीत ओळंबा असेल. लाव."

दादानं ओळंबा सोडला. भिंत चार बोटं आत झुकली होती. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. वीस वर्षं लोकांच्या भिंती ओळंब्यात धरल्या, आणि बहिणीच्या घरी ओळंबा पिशवीतच राहिला.

"बाहेर! दोघंही बाहेर!" काका ओरडले.

तिघंही अंगणात आली. तेवढ्यात बाईला मशीन आठवलं. "अगं, राहू दे!" म्हणेपर्यंत ती आत. पाठोपाठ वाऱ्यानं दार आपटलं आणि चौकटीत गच्च बसलं. आतून ती ओढतेय, बाहेरून दादा. खिडकी त्या झुकलेल्या भिंतीत, तिला गज. दादानं लाथ उगारली.

"खबरदार! एक दणका आणि भिंत तिच्या अंगावर!" काकांनी त्याला मागं खेचलं. मग हाक दिली, "पोरी, मशीन सोड. माळ्यावर चढ. पूर्वेच्या कोपऱ्यात जा!"

"काका, एवढं मशीन—"

"तुझ्याहून मोठं आहे का ते? चढ!"

काका शिडीनं पूर्वेच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या त्या बाजूच्या उतारावर, चढले आणि कोयत्यानं माझे सुंभ सपासप तोडू लागले. स्वतःच्या हातानं घातलेल्या गाठी होत्या त्या. मला वेदना झाल्या का? झाल्या. पण मनात एकच होतं, लवकर, काका, लवकर! पश्चिमेकडं माती भसाभस सुटत होती. भिंत मी धरून ठेवली असं म्हटलं तर ती बढाई होईल. मी फक्त खांब घट्ट रोवून उभं होतं.

गवत फाटलं, दोन कामट्या तुटल्या. दादानं खालून शिडी धरली होती, तो हमसून हमसून रडत होता. काकांनी बाईचा हात धरून तिला वर ओढलं. ती शिडीवरून उतरली, पायाला माती लागली आणि भिंत कोसळली. मशीन ढिगाखाली गेलं.

लोक म्हणतात, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. साफ खोटं! माझा एकही वासा फिरला नाही. खांबांवर छप्पर होतं तसं उभं राहिलं.

मशीन निघालं, वाकडं पण दुरुस्त होण्याजोगं. आता ते पुढच्या ओसरीवर असतं, तिथं उजेडच उजेड. वळचण पुन्हा दीड हात झाली. भिंत पुन्हा मातीचीच उभी राहिली; त्यासाठी दादा गुडघाभर चिखलात उतरून मातीत गवत तुडवायला शिकला. काका काठावरून म्हणायचे, "गवंडीबुवा, अजून मळा!" तो निमूट मळायचा. पूर्वेच्या पाख्यावर एक माणूस मावेल एवढं नव्या गवताचं ठिगळ आहे. बाई रोज एकदा मान वर करून त्याच्याकडं बघते.

मित्रांनो, जुन्या घरावर माया करा, पण आधी त्याची रीत समजून घ्या. आम्हाला फार बोलता येत नाही. दार अडलं, तर रंधा शोधायला धावू नका. ते का अडलंय, एवढं विचारा.